हायकोर्टाच्या हाताबाहेरची गोष्ट

गंगाराम शिगवण कधी हरत नाही, असं फणसकोंडात लहानथोर सगळे सांगतील. तसा तो हरतो. सगळी माणसं हरतात तसाच. पण आपण हरलो हे त्याला पटवून देणारा अजून त्या गावात जन्माला यायचाय. एकदा म्हैस घेताना पुरता गंडला, तर महिनाभर गावभर सांगत फिरला, "दूध कमी देते, पण शेण बघा! शेतीला शेणच लागतं." त्याची बायको कमळा म्हणते, "ह्यांच्याशी वाद घालन्यापेक्षा कातळावर नांगर धरलेला बरा."

बोलण्याची ही हौस त्याने जाखडीत भागवून घेतली होती. गणपतीत शक्ती-तुऱ्याचा सामना लागला की नाचणारे भोवती फिरायचे आणि मधोमध ढोलकीशेजारी बसून गंगाराम शाहीर समोरच्या मंडळाला कोडी घालायचा. बाकीच्या वर्षभर तो रेल्वेत कीमन होता. हातोडा आणि पाना खांद्यावर टाकायचा, आपल्या वाट्याला आलेला रूळ पायी चालत तपासायचा, सैल झालेली क्लिप ठोकून बसवायची, हे कीमनचं काम. हातोड्याच्या आवाजावरून क्लिप घट्ट आहे की सैल, हे ओळखायला त्याला शिकवलं ते गँगच्या मुकादमांनी, सखाराम गोताडांनी. विशीतलं आडदांड पोरगं गँगमध्ये आलं तेव्हा मुकादमांनी त्याला एकच सांगितलं होतं, "गंग्या, तोंड चालव, पन पाय थांबवू नको." गंगारामाने दोन्ही पाळलं.

आता पाय थांबले कसे, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

फणसकोंडच्या पुढे रेल्वेची लाइन जांभ्याचा डोंगर कापून जाते. त्या कटिंगच्या तोंडाशी राखणदाराचा दगड आहे. लाइन टाकताना तो हलवायला गेले आणि मशीन बंद पडलं, अशी कथा आहे. असणारच, कोकणात मशीन बंद पडलं की तिथे कोणी ना कोणी राखणदार निघतोच. पण तेव्हापासून पावसाळी गस्त सुरू व्हायच्या आधी, मेअखेरीस, गँग तिथे नारळ ठेवून राखण देते. तेही चोरून नव्हे, कामाच्या वेळेत, कामाच्या कपड्यांत, साहेबांसकट. मुकादम गाऱ्हाणं घालतात, "बा राखणदारा म्हाराजा, तुजी ही लेकरां पावसापान्याची लायनीवर फिरनार. त्यांच्या डोईवर दगड येनार नाय, वाटेत गाडी अडनार नाय, असां कर रे म्हाराजा!" आणि गँग एका सुरात म्हणते, "व्हय म्हाराजा!"

त्या वर्षी मुकादमांची कंबर धरली होती. त्यांना वाकता येईना, म्हणून दगडापुढे नारळ ठेवायला त्यांनी गंगारामाला पुढे धाडलं. गंगाराम तसाच निघाला. पायात रेल्वेने दिलेले, चवड्यावर लोखंडी वाटी असलेले जड बूट.

"बूट काढ," मुकादम म्हणाले.

"ऱ्हाऊ देत ना मुकादम. एवढे दोरे कोन सोडनार नि कोन बांधनार?"

"काढ आधी! द्येवाच्या पुढ्यात बूट घालून जातोस?"

गंगारामाने पुटपुटत दोरे सोडले, बूट बाजूला ठेवले आणि अनवाणी पुढे गेला. तो नारळ ठेवायला वाकला, आणि वरच्या कडेचा एक सुटा जांभा घरंगळत खाली आला. राखणदाराने डोकं राखलं, असं लोक नंतर म्हणाले. पाऊल नाही राखलं, हे कोणी म्हणालं नाही. बूट असता तर पाऊल वाचलं असतं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित वाचलं असतं. डावं पाऊल घोट्यापासून काढावं लागलं.

इस्पितळात गंगारामाने जयपूरचं पाऊल बघितलं आणि म्हणाला, "ह्याला चिखल्या व्हनार नाहीत, फायदाच झाला." कमळा भिंतीकडे तोंड करून रडली. सखाराममुकादम दाराशीच उभे राहिले. आत आले नाहीत.

रेल्वेने गंगारामाला नोकरीवरून काढलं नाही. लांबच्या एका स्टेशनातल्या सामानाच्या खोलीत बसवलं. भरपाईचा विषय निघाला तेव्हा मात्र रेल्वेने हात वर केले. म्हणणं दुहेरी होतं. एक, नारळ ठेवणं हे रेल्वेचं काम नव्हे. माणूस आपला देवदेव करायला गेला होता. आणि दोन, सुरक्षेसाठी दिलेले बूट त्याने स्वतःच्या मर्जीने काढून ठेवले, मग दोष त्याचाच.

पहिल्या मुद्द्याला गंगाराम हसला. दुसऱ्याला मात्र त्याचं डोकं फिरलं. "माज्या मर्जीनं? मी तर नको म्हनत व्हतो!"

त्याने वकील केली ती तेजस्वी नावाची. नाटे गावच्या मच्छीमाराची मुलगी, रत्नागिरीत कोर्टाच्या मागे एका खोलीत ऑफिस थाटून बसलेली. बोलायला लागली की समोरच्याला मध्ये तोंड घालू देत नसे, म्हणून गंगारामाला ती पहिल्याच दिवशी आवडली. आपल्याला कोणीतरी गप्प बसवू शकतं, याचं त्याला नवल वाटलं.

रत्नागिरीच्या कोर्टात भरपाईचा दावा उभा राहिला. गंगारामाने शपथेवर जसं घडलं तसं सांगितलं: मी बूट पायातच ठेवणार होतो, मुकादमांनी काढायला लावले. मग प्रश्न आला मुकादमांचा. त्यांनी 'मला आठवत नाही' म्हटलं असतं तर कोणी त्यांना फासावर दिलं नसतं. रेल्वेत अजून नोकरी होती, निवृत्ती तोंडावर आली होती, आणि साक्ष होती ती आपल्याच मालकाविरुद्ध. सखाराममुकादम पिंजऱ्यात उभे राहिले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "मीच सांगितलां. तो नको म्हनत व्हता. मी वरडलो त्याच्यावर. माजां ऐकून त्यानं बूट काढले." एवढं बोलून झालं, तरी ते गंगारामाकडे बघेनात.

रेल्वेच्या बाजूने सेक्शनचे इंजिनिअर साहेब उभे राहिले. असली कुठलीही प्रथा आम्हाला ठाऊक नाही, म्हणाले. तेजस्वी उठली.

"आदल्या वर्षी राखणीच्या दिवशी आपण कुठे होतात, साहेब?"

"पाहणीला होतो. कटिंगपाशी."

"नारळ ठेवला तेव्हा?"

"तिथेच होतो."

"पायात काय होतं?"

साहेब बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. तोंडावर विचारल्यावर खोटं बोलायचा त्यांचा पिंड नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. शेवटी म्हणाले, "मोजे."

कोर्टाचा शिपाईसुद्धा हसला. निकाल गंगारामाच्या बाजूने लागला. कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, वरच्याने सांगितलं म्हणून त्याने बूट काढले. वरिष्ठांना हे माहीत होतं. तो कामावरच होता. मुकादमाची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी आहे, असंही न्यायाधीशांनी लिहिलं. गंगारामाने गावात पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर 'मोजे'ची गोष्ट सांगितली.

रेल्वेने हायकोर्टात अपील केलं. आणि त्याच सुमारास सखाराममुकादमांवर खात्याची चौकशी लागली: साथीदाराला भरपाई मिळावी म्हणून खोटी साक्ष दिली. वरच्यांपैकी कोणाच्या तरी नाकाला ती साक्ष झोंबली होती. हायकोर्ट काय म्हणतं ते बघून चौकशी पुढे न्यायची, असं ठरलं. म्हणजे हायकोर्टाने ती साक्ष पुसली, तर मुकादमांच्या पेन्शनवर पाणी, आणि जन्मभर रुळावर मिळवलेलं नाव मातीत. गंगारामाच्या पायाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता टांगणीला होते ते मुकादम.

अपील मुंबईत पडून राहिलं. मग कोल्हापुरात हायकोर्टाचं बेंच बसलं, रत्नागिरीची प्रकरणं तिकडे गेली, आणि फाइल घाट चढून कोल्हापूरला पोहोचली. तारीख लागली तेव्हा गंगाराम तेजस्वीकडे तयारीनेच गेला.

"वकीलबाई, मला परत उभा करतील ना? ह्या टायमाला मी अजून चांगला सांगतो."

"दादा, तिथे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

गंगारामाचा चेहरा पडला.

"नीट ऐका. या कायद्यात हायकोर्टाचं दार अर्धंच उघडतं. काय घडलं, कोण खरं बोललं, हे रत्नागिरीच्या कोर्टाने ठरवलं. ते परत ठरवायला हायकोर्ट बसत नाही. कायद्याचा मोठा प्रश्न असेल तरच ते हात घालतं."

गंगारामाचे डोळे चमकले. "म्हंजे सामन्यासारखां. पहिल्या बारीत जां कोडां पडलां तां पडलां. दुसऱ्या बारीत गळा वेगळा लावता येतो, कोडां बदलता येत नाय."

"तसंच समजा. पण त्यांचा वकील हेच म्हणणार, की हा कायद्याचाच प्रश्न आहे. देवाची रूढी मोठी की सुरक्षेचा नियम मोठा? न्यायमूर्तींना हा प्रश्न भावला, तर सगळं पुन्हा उकरलं जाईल. मुकादमांची साक्षसुद्धा."

"भावनार नाय," गंगाराम म्हणाला. पण बाहेर पडताना त्याने चप्पल उलटी घातली, हे तेजस्वीने बघितलं.

तारखेआधी रेल्वेकडून एक माणूस घरी आला. गोड बोलणारा, कमळाच्या हातचं कोकम सरबत दोनदा मागून पिणारा. म्हणाला, एवढ्यासाठी कोर्टकचेऱ्या कशाला? भरपाई तुम्हालाच राहू दे, वर बदली रत्नागिरी स्टेशनात करून देऊ, घरून जाऊन-येऊन नोकरी करा. अपील आम्ही मागे घेतो. फक्त एका कागदावर सही करा, की बूट मी माझ्या मर्जीने काढले, मुकादमाने सांगितलं नव्हतं. नाहीतर उद्या जो तो नारळ फोडेल आणि आमच्याकडे भरपाई मागेल.

गंगारामाने तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोला, त्याला ते हवं होतं. लाकडासारखं पाऊल घेऊन दोन गाड्या बदलत ते लांबचं स्टेशन गाठायचा त्याला वीट आला होता. आणि कमळाला तर त्याहून.

"अवो, सही करा नि मोकळे व्हा," ती म्हणाली. "तुमचा पाय गेला, तुम्हीच सोसलां. सखारामभावजींनी बूट काढायला लावले म्हनून तर गेला ना? त्यांच्यासाठी अजून किती करायचां?"

गंगारामाने वाद न घालता रेल्वेच्या माणसाने ठेवून दिलेला कागद घडी करून खिशात घातला. असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. कमळालाच त्याची भीती वाटली आणि ती मुकाट्याने भात टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी सखाराममुकादम आले. गोड माणूस त्यांच्याकडेही जाऊन आला असावा. ओटीवर बसले, पान काढलं, पण खाल्लं नाही.

"गंग्या, सही कर."

"काय बोलताव मुकादम?"

"कर म्हनतो ना. माजां काय, चार दिस ऱ्हायले. पेन्शन नाय तर नाय, दोन्ही पोरां कमावती आहेत. तुजी बदली व्हईल." ते खाली अंगणाकडे बघत होते. गंगारामाच्या पायाकडे ते कधीच बघत नसत. "माज्या तोंडानं तुजा पाऊल खाल्लां. वायच फेडू दे मला."

आता गंगारामाला राग आला. खरा राग, बोलण्यातला नव्हे. त्याने तो कागद खिशातून काढला, मुकादमांच्या देखत टराटरा फाडला आणि म्हणाला, "तुम्ही कोर्टात खरां बोललाव. तुमच्या पोरांनी बापाला खोटारडा म्हनून ऐकायचां आनि मी रत्नागिरीत खुर्चीवर बसायचां? नाय जमनार. कोल्हापूरला चला माज्यासंगती."

स्वतः हरणं गंगारामाला परवडत होतं, कारण ते तो मानतच नसे. मुकादमांना हरवणं त्याला परवडणारं नव्हतं. दाराआडून कमळाने हे ऐकलं. कोल्हापूरला जाताना तिने दोघांच्या भाकऱ्या बांधून दिल्या, वर सुकटीची चटणी.

एसटीने आंबा घाट चढून दोघे कोल्हापुरात उतरले. गंगाराम वाटेत अखंड बोलत होता. समोरच्या सीटवरच्या अनोळखी बाईला त्याने सगळी केस सांगितली आणि निकालही सांगून टाकला. मुकादमांनी नवी टोपी घातली होती आणि ती दर थोड्या वेळाने काढून बघत होते.

कोर्टात सगळं इंग्रजीत. दोघे मागच्या बाकावर बसले. रेल्वेचा वकील उंच, शांत, चांगला बोलणारा. त्याच्या बोलण्यातून गंगारामाला 'कोकोनट' कळलं आणि 'शूज' कळलं. तो बोलत गेला तसे न्यायमूर्ती मान हलवू लागले, काहीतरी लिहून घेऊ लागले. प्रश्न त्यांना भावला होता. हे समजायला इंग्रजी लागत नाही. शाहिराला समोरच्या गर्दीचा रंग कळतोच. आपण इथे एक अक्षर बोलू शकत नाही, याचा त्याला जन्मात आला नव्हता एवढा जाच झाला. शेजारी मुकादम ओठांतल्या ओठांत गाऱ्हाणं घालत होते.

तेजस्वी उठली. आज ती सावकाश बोलत होती. रूढी नियमापेक्षा मोठी, असं आमचं म्हणणंच नाही, ती म्हणाली, हे तिने नंतर दोघांना समजावून सांगितलं. प्रश्न एवढाच होता की बूट माणसाने आपल्या मर्जीने काढले की वरच्याच्या हुकमाने, आणि रेल्वेला ते चालत होतं की नव्हतं. हा काय घडलं याचा प्रश्न. त्याचं उत्तर खाली मिळालंय, आणि ते रेल्वेच्याच साक्षीदाराने दिलंय. मग तिने एक पान वाचलं आणि त्यात 'सॉक्स' असा शब्द आला. न्यायमूर्तींनी पान मागवून घेतलं, स्वतः वाचलं, आणि हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

त्यांनी रेल्वेच्या वकिलाला काहीतरी विचारलं; तुमच्या साहेबांनीही बूट काढले होते ना, एवढंच, असं तेजस्वीने नंतर सांगितलं. तो बोलू लागला. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. या वेळी तो थांबला, कागद उलटले, आणि मग थोडक्यात काहीतरी म्हणाला. त्यानंतर न्यायमूर्तींनी निकाल सांगायला घेतला. थोडक्यात आटपला. तेजस्वी मागे वळली आणि तिने नुसती मान हलवली. अपील फेटाळलं होतं.

पुढचं प्रकरण पुकारण्याआधी न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि मराठीत विचारलं, "ते मुकादम आलेत का?"

सखाराममुकादम धडपडत उभे राहिले, हात जोडले. टोपी खाली पडली.

"बसा, बसा. तुम्ही खरं बोललात, असं रत्नागिरीच्या कोर्टाने तुम्हाला समोर बघून ठरवलंय. ते बदलायचा अधिकार या कायद्याने मला नाही. आणि बदलावं असं मला काही दिसतही नाही."

बाहेर आल्यावर तेजस्वी म्हणाली, आता चौकशीत काही दम उरला नाही, मी पत्र देते. ती फोनवर बोलत पुढे गेली. दोघे आवारातल्या एका झाडाखाली कट्ट्यावर बसले. गंगारामाचं तोंड उघडायच्या बेतात होतं. गावात सांगायची गोष्ट त्याच्या डोक्यात अर्धीअधिक तयार झाली होती. पण मुकादम रडत होते. खांदे हलत होते आणि आवाज नव्हता.

"अवो मुकादम, जिंकलांव आपन. हायकोर्टाला पन तुमचा शब्द खोटा करता आला नाय."

"तांच तर," मुकादम म्हणाले. "मीच बूट काढायला लावले, तू नको म्हनत असताना. येवढ्या मोठ्या कोर्टाला पन तां आता बदलता येनार नाय. कायमचां झालां तां, गंग्या."

आयुष्यभर लोकांना निरुत्तर करणाऱ्या त्या माणसाने त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. या माणसाने आपल्यासाठी पेन्शन पणाला लावली होती, आणि आपण त्याला जिंकून दिलं होतं ते हेच ओझं. त्याचा जीव गलबलला.

"मुकादम, आता एक सांगतो," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही सांगितलां नसतां ना, तरी मी बूट काढलेच असते. दगडापाशी गेल्यावर. द्येवाच्या पुढ्यात बूट घालून मी जाईन का? मी नुसता तुमची गंमत करत व्हतो."

हे साफ खोटं होतं. शपथेवर सांगितलेलं, रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत टिकलेलं, ज्याच्यासाठी त्याने घरच्या घरी बदली नाकारली, ते सगळं त्याने एका दमात मोडीत काढलं होतं. मुकादमांना हे कळलं नसेल असं नाही. गंगारामाला त्यांनीच घडवलं होतं. सैल काय नि घट्ट काय, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग हळूच हात पुढे करून गंगारामाच्या गुडघ्यावर ठेवला आणि खाली त्या पावलाकडे बघितलं, नीट, बराच वेळ.

"गंमत करत व्हतास?" ते म्हणाले.

"व्हय, मुकादम."

"बरां," मुकादम म्हणाले, आणि भाकरीची पुरचुंडी सोडू लागले.